कोर्टात आलेलं मूळ

बमरोलीच्या आमच्या खोलीत सगळं मिळत असे, शांतता सोडून. भिंतीपलीकडे लूम्सचं खातं होतं. खातं म्हणजे हिशेबाचं नव्हे, मागांचा कारखाना. सुरतेत त्याला खातंच म्हणतात. तिथले माग रात्रंदिवस असे खडखडत की आमच्या मांडणीवरचे पितळी पेले आपल्या पायांनी चालत फळीच्या कडेपर्यंत येत आणि माय जाता-येता त्यांना उनाड पोरांसारखं मागे लोटी. भिंतीवरच्या पाली तालात धावत. मी जन्मल्यावर पहिला शब्द 'माय' असा न उच्चारता 'खटॅक' असा उच्चारला, असं आप्पा सांगत, आणि आप्पांनी आयुष्यात सांगितलेल्या गोष्टींमध्ये हीच सगळ्यात कमी खोटी असावी. त्या घरात हळू बोलून कुणाला काही मिळत नव्हतं, मीठसुद्धा. आज पन्नाशी उलटली तरी माझा आवाज तसाच आहे. परवा भाऊ फोनवर म्हणाला, "आक्के, फोन ठेव. तसंच ऐकू येतंय."

आमचे आप्पा लूम्समध्ये मास्तर होते. माग बिघडला की मास्तर, तार तुटली की मास्तर. बोलण्यात त्यांचा हात धरणारा माणूस उधना ते पलसाणा कुठे नव्हता. तापीला पूर असताना आपण डोक्यावर सायकल घेऊन पैलतीराला पोहत गेलो आणि वाटेत म्हशी आडव्या आल्या म्हणून घंटी वाजवली, ही गोष्ट ते पाहुण्यांना सांगत. पाहुणे हसत, पण म्हशींचं कुणीच खोटं म्हणत नसे, कारण ती घंटी ते तोंडाने अशी वाजवत की म्हशी दिसायच्याच. आमची माय मात्र खऱ्याला गोचिडासारखी चिकटलेली बाई. डाळीत मीठ जास्त पडलं तर कुणी घास घेण्याआधी स्वतःच सांगून मोकळी व्हायची. असा नवरा आणि अशी बायको दहा बाय बाराच्या खोलीत किती दिवस नांदणार? आप्पांच्या गोष्टी पुरात, जंगलात, म्हशींमध्ये होत्या तोवर मायने ऐकल्या. पुढे त्या 'पगार कुठे गेला' आणि 'काल कुठे होतात' इथपर्यंत आल्या, आणि मग त्या गोष्टी राहिल्या नाहीत. आप्पा कतारगामला राहायला गेले. कोर्टाने आम्हां दोघा पोरांना, म्हणजे मला आणि माझ्याहून पाच वर्षांनी धाकट्या पिंट्याला, मायकडे ठेवलं. रविवार आप्पांचा. आणि वर एक अट घातली: कोर्टाच्या परवानगीशिवाय पोरांना सुरतेबाहेर राहायला न्यायचं नाही.

या अटीने आमचं काही अडत नव्हतं. जायचं होतं कुठे? माय घरी बसून साड्यांचे धागे कापी आणि टिकल्या चिकटवी. खोलीभर साड्यांचे ढीग, डिंकाचा वास, आणि टिकल्या तर अशा पसरलेल्या की भाकरीत टिकली निघाली नाही असा दिवस जात नसे. पिंट्या अंधारात चमकतो अशी मी शाळेत थाप मारली होती, तर दोन पोरं संध्याकाळी बघायला आली. दर रविवारी आप्पा गरम लोचो, म्हणजे वाटल्या डाळीचा मऊ लगदा, घेऊन येत. वर तेल, शेव, कांदा, आणि पुडक्यातून वाफ. माय त्याला हात लावत नसे. ती चुलीपाशी बसून आपली कळण्याची भाकरी आणि ठेचा खाई, पाठ आमच्याकडे करून. पण पाठीला कान असतात हे मला तेव्हाच कळलं होतं. आप्पांनी पुराची गोष्ट सुरू केली की त्या पाठीचा पदर हलायचा.

मग अंमळनेरहून सुपडामावशी येऊन गेली आणि आमच्या घराला वारं लागलं. सुपडामावशी मायची थोरली बहीण. जन्मली तेव्हा जगते की नाही अशी होती म्हणून आजीने तिला सुपात घातली, तेच नाव पडलं. त्या सुपातल्या पोरीचं पुढे असं झाड झालं की दारातून आत यायला तिला खांदा तिरपा करावा लागे. नवरा गेल्यावर तिने अंमळनेर स्टेशनाजवळ खानावळ काढली होती. तिच्या शेवभाजीचा वास भुसावळहून येणाऱ्या गाडीला दोन स्टेशनं आधी लागतो आणि डायव्हर वेग वाढवतो, असं ती म्हणे. (आप्पांना ती आवडत नसे. एका घरात दोन गप्पीष्ट जड होतात.) मावशी म्हणाली, "रुखमा, मन्हा हात आता थकनात. तू ये. दोन्ही मियीसन चालाडू. वर खोली शे, पोरेसले शाळा शे, आनखी काय पाहिजे तुले?"

मायने त्या दिवशी एकही धागा कापला नाही. हातात कात्री तशीच. मग मला म्हणाली, "निमे, वकीलबेनकडे जायचंय."

आप्पांना नोटीस मिळाली तो रविवार मला तोंडपाठ आहे. लोचो आला नाही. आप्पा दारातच उभे राहिले आणि मागांच्याही वर आवाज काढून म्हणाले, "मन्हा आंडोर-आंडेर, दोन्ही पोरं, सुरत सोडणार नाहीत! तिथे काय, ताटं मांडायला न्यायचीत?"

"शाळेत घालणार आहे," माय म्हणाली.

"कोण नेणार? तू? तुझ्या माहेरून आजवर मूळ तरी आलंय का कधी?"

आता हे ज्यांना कळणार नाही त्यांच्यासाठी सांगते. सासरी असलेल्या लेकीला माहेरी न्यायला जो माणूस येतो, त्याला मूळ म्हणतात. बहुतेक भाऊच येतो. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की खानदेशातल्या प्रत्येक बाईचे कान दाराकडे लागतात. आमच्या चाळीत तर आखाजीला निम्म्या बायकांचे भाऊ उधन्याला उतरून येत आणि एकेक बहीण ट्रंक घेऊन हसत निघून जाई. मायला भाऊ नव्हता आणि वडील लहानपणीच गेलेले. म्हणून जाणाऱ्या बायका आपापल्या खोल्यांच्या किल्ल्या तिच्याकडे ठेवून जात. आखाजीच्या दिवसांत माझी माय कंबरेला साऱ्या चाळीच्या किल्ल्या लावून फिरायची. चालली की वाजायची. लोक म्हणत, काय मालकीणबाई! ती हसायची. ते हसू मला तेव्हाही खरं वाटत नसे, आणि खोट्याची पारख मला आप्पांमुळे चांगली होती.

आप्पा बोलून गेले खरे, पण बोलल्यावर त्यांनाच लागलं असावं. उंबऱ्यावरची चप्पल उलटी घालून गेले.

हे कुणी अंमळनेरला कळवलं? मी नाही. पिंट्याने गावभर सांगितलं, आणि गावभरातल्या कुणीतरी स्टेशनावर सांगितलं. कोर्टाच्या तारखेच्या सकाळी सुपडामावशी दारात उभी! हिरवं नऊवारी, कपाळाला चवलीएवढं कुंकू. नवरा गेल्यावर तिने कुंकू पुसलं नव्हतं, आणि कुणी विचारलं तर "तो गया, कपाय तं शे ना!" असं सांगायची. डोक्यावर खापरावरच्या पुरणपोळ्यांची टोपली, एवढी मोठी की गाडीत तिने टोपलीची वेगळी जागा धरली होती म्हणे.

"आक्का, कसाले उनी वं तू?" माय घाबरलीच.

"मुय उनू तुले," मावशी म्हणाली. मूळ होऊन आलेय. अहिराणीत आमच्या तोंडी 'ळ' टिकत नाही, त्याचा 'य' होतो. काळा तो काया, डोळा तो डोया, आणि मूळ ते मुय. "भाऊ नही म्हनीसन काय झायं? मी काय मरी गऊ?"

कोर्टाच्या पायऱ्यांवर तिने पिशवीतून नवऱ्याची पांढरी टोपी काढली आणि पदरावरून डोक्यावर चढवली. मूळ येणारा माणूस बोडका येत नाही. माय तिचा हात ओढत होती. "आक्का, काढ वं, लोके हसतीन."

"हसू दे. हसनात म्हंजे देखनात."

आत कोर्टात डोक्यावर पंखा होता, तो वारा न देता फक्त तक्रार करत होता. एका बाजूला आम्ही चौघं आणि वकीलबेन. दुसऱ्या बाजूला आप्पा, त्यांचे वकील, आणि आप्पांच्या खात्यातली पाच-सहा खानदेशी मंडळी पांढऱ्या टोप्यांत. मावशीच्या डोक्यावरची टोपी बघून त्यांच्यात कुजबुज झाली, आणि आप्पा छताकडे पाहू लागले. जजसाहेब गुजराती, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चेहरा असा की सकाळपासून फक्त भांडणंच खाल्लीत. आप्पांचे वकील बोलू लागले: बाप इथे, मुलांचं शिक्षण इथे, बाप मुलांना भेटणार कसा, तिकडच्या शाळेची तरी खात्री काय? वकीलबेनने अंमळनेरच्या शाळेचा 'प्रवेश देऊ' असा कागद पुढे केला. जजसाहेबांनी तो उलटा-सुलटा केला. झेरॉक्स होती. खरा कागद मावशीच्या खानावळीत गणपतीच्या फोटोमागे राहिला होता.

"आ तो नकल छे," जजसाहेब म्हणाले. "मूळ क्यां छे?"

वकीलबेन कागद चाळू लागली. जजसाहेबांनी आवाज चढवला. "मूळ! मूळ लाव्या छो के नहीं?"

गुजरातीत मूळ म्हणजे अस्सल प्रत, हे मला ठाऊक होतं, वकीलबेनला ठाऊक होतं, साऱ्या कोर्टाला ठाऊक होतं. फक्त सुपडामावशीला नव्हतं. तिला एवढंच कळलं की सरकारने आपल्या बहिणीला भर सभेत विचारलंय, तुला न्यायला कुणी आलंय की नाही? ती उठली. बाकडं तिच्याबरोबर थोडं उठलं, मग पडलं. टोपी नीट केली, छातीवर हात मारला आणि असा आवाज काढला की पंख्याची तक्रार बंद झाली.

"मी शे ना मुय!"

आणि आता गंमत ऐका. गुजरातीत 'मूई' म्हणजे मेली. जजसाहेबांनी चष्मा वर ढकलला.

"कोण मूई?"

"मी! मी मुय!" मावशी गरजली.

"बेन, तमे तो ऊभां छो!" जजसाहेब म्हणाले. तुम्ही तर उभ्या आहात.

"मंग! उभीच ऱ्हासू! बहीणले लिधाशिवाय बसाव नही!"

पट्टेवाला तिला बसवायला पुढे झाला आणि तिच्याकडे नीट पाहून मागे झाला. वकीलबेनने कपाळाला हात लावला. जजसाहेबांची नजर इकडे-तिकडे फिरत माझ्यावर येऊन थांबली. "छोकरी, तने गुजराती आवडे छे?" तुला गुजराती येतं का, असं ते विचारत होते. आपल्याकडे आवडणं वेगळं, पण मला दोन्ही अर्थांनी आवडत होतं. "बहु आवडे छे, साहेब!" म्हणत मी बाकड्यावरून उडीच मारली. तेरा वर्षांच्या आयुष्यात मला कुणी बोलायला सांगितल्याचा हा पहिला प्रसंग. एरवी सगळे गप्प बस म्हणूनच सांगत.

मी सांगितलं. साहेब, ही मेलेली नाही, ही मूळ आहे. आमच्यात बाईला माहेरी न्यायला माणूस येतो. माझ्या मायला भाऊ नाही, म्हणून एवढ्या वर्षांत तिला कुणी आलं नाही. आखाजीला सगळ्या जातात आणि ती किल्ल्या सांभाळते. आज पहिल्यांदा आलंय.

"अरे!" जजसाहेब खुर्चीत पुढे सरकले. "तेडवा आव्यां छे, एम बोलो ने!" न्यायला आल्यात, असं सांगा ना. त्यांच्याकडेही लेकीला न्यायला माणूस जातोच. थोडा वेळ त्या टोपीकडे आणि त्या टोपलीकडे पाहत राहिले. मग मलाच म्हणाले, "अने पाछां मोकलीए तो?" परत पाठवलं तर?

आता खरं काय ते मला ठाऊक नव्हतं. मुळाला रिकाम्या हाताने परत लावत नाहीत, लावलं तर घराण्याची नाचक्की होते, एवढंच बायकांच्या बोलण्यात ऐकलेलं. नाचक्कीला गुजरातीत काय म्हणतात? आठवेना. पण मी आप्पांची पोरगी. शब्द अडला म्हणून गोष्ट अडत नाही.

"साहेब," मी म्हणाले, "ज्या घरातून मूळ रिकाम्या हाताने परत जातं, त्या घरची चूल सात वर्षं पेटत नाही. काडी ओढली की विझते. रॉकेल ओतलं तरी विझते. आमच्या गावात एका घराचं असं झालं, ते लोक अजून कच्चं पीठ खातात."

आप्पांचे वकील ताडकन उठले. "साहेब, आ तद्दन..."

"बेसो," जजसाहेब म्हणाले आणि आप्पांकडे वळले. "मास्तर, तमे कहो. आ साचुं छे?" हे खरं आहे का?

आप्पा उभे राहिले. आमच्या घराचा सगळा निकाल आता त्या एका माणसाच्या जिभेवर होता. 'खोटं आहे' एवढं खरं बोलले असते की संपलं. मागच्या टोप्या त्यांच्याकडे पाहत होत्या. मावशी उभीच होती. आणि माय, जिने वेगळे झाल्यापासून या माणसाकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, तिने मान वर केली. रडत नव्हती, रागावलेली नव्हती. नुसती सरळ पाहत होती.

आप्पांनी घसा साफ केला.

"साहेब, छोकरी जूठुं बोले छे."

पिंट्याने माझा फ्रॉक धरला.

"सात नहीं, साहेब," आप्पा म्हणाले. "चौद. चौद वरस. अने पीठ पण काचुं नहीं, पीठ दळातुंज नथी. घंटी ऊंधी फरे छे." चौदा वर्षं, आणि पीठ कच्चं कसलं, दळलंच जात नाही, जातं उलटं फिरतं.

मागच्या टोप्यांतला एक म्हातारा म्हणाला, "खरं शे, साहेब! मी देखेल शे!" आणि मग सगळ्याच टोप्या हलल्या. जजसाहेबांनी चष्मा काढला, रुमालाने डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिले. त्या माणसाने सकाळपासून पहिल्यांदा भांडणाऐवजी दुसरं काहीतरी खाल्लं होतं. मग आप्पांना सरळ विचारलं, तुमची हरकत आहे की नाही? आप्पा म्हणाले, मुळाला नाही कसं म्हणू? पण दिवाळीत आणि आखाजीला पोरं न्यायला मी स्वतः येणार, आणि मलाही कुणी रिकामं परत लावायचं नाही. मायने मान हलवली. वकीलबेनने ते सगळं लिहून घेतलं, शाळेचा अस्सल कागद नंतर दाखल करायचं ठरलं, आणि परवानगी मिळाली! पट्टेवाल्यालाही पुरणपोळी मिळाली. जजसाहेबांनी खाल्ली की नाही ते सांगता येत नाही, पण पोळ्या मोजून आणल्या होत्या असं मावशी म्हणते, आणि बाहेर आलो तेव्हा पट्टेवाल्याची सोडून आणखी एक कमी होती.

पुढे मोठी झाल्यावर मी आप्पांना एकदा विचारलं, खरंच, त्या दिवशी कोर्टात 'हो' का म्हणालात? तेव्हा ते थकले होते, पण मिशी ताठ होती. म्हणाले, "तुझ्या सातावर मी गप्प बसलो असतो, तर खात्यातले म्हणाले असते, मास्तरांची पोरगी मास्तरांच्या वर गेली." याहून जास्त त्यांच्याकडून कधी निघालं नाही. मी ताणलंही नाही.

आठवड्याभरात आम्ही निघालो. चाळ सगळी बाहेर आली. ज्या बायका दर आखाजीला मायच्या हाती किल्ल्या देऊन जात, त्यांच्यातल्या एकीच्या हाती मायने आमच्या खोलीची किल्ली दिली आणि म्हणाली, "मालकाला दे वं. मी माहेरी चालनू." हे वाक्य तिने तीन वेळा म्हटलं, ऐकणारी तीच एक बाई असूनही. उधन्याला गाडीत मावशीने खिडकीजवळची जागा धरली, आणि मग उठून मायला बसवलं. नवापूरला मायने भजी मागितली. आजवर आम्ही तिला स्वतःसाठी काही मागताना पाहिलं नव्हतं. पिंट्याने लगेच स्वतःसाठीही मागून घेतली, अशी संधी सोडणारा तो नव्हे.

खानावळीत दुसऱ्याच दिवशी मायने चुलीचा ताबा घेतला. तिने काळ्या मसाल्याची पहिली फोडणी दिली तेव्हा स्टेशनात उभी असलेली मालगाडी शिंकली. गार्डाने उतरून चाकं तपासली. कुणाला खोटं वाटत असेल तर अंमळनेरला जाऊन विचारावं. दुपारी बाकडी भरली. हमाल, शाळेचे मास्तर, बाजारला आलेली माणसं. एकाने शेवभाजीचा घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, पाणी प्यायला, परत घास घेतला आणि विचारलं, "सुपडाबाई, आज हात कुणाचा आहे? ही नवी बाई कोण?"

मावशी गल्ल्यावर बसली होती. ती उठली, पदर खोचला आणि साऱ्या खानावळीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "मन्ही बहीण शे! सुरतले जाईसन, कोर्टमझारतीन, मी लई उनू!" कोर्टातून मी घेऊन आले.

मग ती प्रत्येक बाकड्यापाशी गेली आणि तेच सांगत सुटली, ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही.